लातूरला बसून जॅझच्या एलपी जमवायच्या तर आधी खर्च कशावर करावा?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारातून एक गठ्ठा घेतलाय. आठ एलपी आहेत, त्यांत दोन ब्लू नोट कंपनीच्या, तीन कोलंबिया कंपनीच्या आणि बाकी युरोपातल्या नव्या छापाच्या. सोबत लाखेच्या चार ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या), लेबलवर 'फॉक्सट्रॉट' (एक पाश्चात्त्य नाच) छापलेलं. घरी जुना एचएमव्ही फिएस्टा चालू स्थितीत आहे, सिरॅमिक पिनचा. त्यावर हे सगळं वाजवलं तर चालेल का? धूळ भरपूर आहे, धुवायचं म्हटलं तर आमच्याकडे बोअरचंच पाणी. बजेट सगळं मिळून ४० हजार. आधी काय घ्यावं, कुठे फसगत होते ते सांगा. आणि प्रत्यक्ष मैफली ऐकायच्या तर इथून नेमकं काय धरून बसावं?

दख्खनी_सूर (संभाजीनगर)

फिएस्टावर यातली एकही एलपी लावू नका, एकदासुद्धा नको. सिरॅमिक पिन चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त दाबाने बसते आणि वर-खाली हलायला ती ताठर असते. स्टीरिओच्या चरीत (तबकडीवरच्या बारीक खाचेत) अर्धी माहिती उभ्या हालचालीत असते, त्यामुळे पिन भिंती खरवडत जाते. पहिला मार ट्रम्पेट-सॅक्सच्या वरच्या सुरांना बसतो. तिथे चर करडी दिसायला लागते आणि 'खर्र' ऐकू येतं. ती धूळ नसते, झिजलेलं प्लॅस्टिक असतं. कितीही धुतलं तरी जात नाही.

बजेटचा मोठा भाग टर्नटेबलवर लावा. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) मागे फिरणारं वजन, अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची जुळवणी) आणि बदलता येणारी सुई हवी. ऑडिओ टेक्निकाचं एलपी१२०एक्स मला यासाठी योग्य वाटतं, कारण त्यात ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग आहेत. एलपी६०एक्स स्वस्त आहे, पण त्यात दाब कमी-जास्त करता येत नाही आणि ७८ नाही.

जुळवणी अशी. अँटीस्केट शून्यावर. सुईचं टोपण काढून आर्म मोकळा सोडा आणि मागचं वजन फिरवत तो हवेत आडवा तरंगेपर्यंत आणा. मग वजन न हलवता फक्त पुढची चकती शून्यावर फिरवा. आता वजन आणि चकती एकत्र फिरवून त्यासोबत येणाऱ्या व्हीएम९५ई सुईसाठी २.० ग्रॅम करा (चालणारी मर्यादा १.८ ते २.२). अँटीस्केट २ वर. चकतीवर विसंबू नका, सुईचा दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या, शेकड्यांत मिळतो. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे. हलकी सुई जोरकस सुरावर चर सोडून उडते आणि पडताना भिंतीला खड्डा पाडते.

कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते त्या डबीतून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून ॲम्प्लिफायरला 'फोनो' इनपुट किंवा वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो. साध्या ऑक्स इनपुटला जोडलं तर आवाज बारीक, खर्जाशिवायचा येतो आणि माणूस रेकॉर्डला दोष देत बसतो. एलपी१२०एक्समध्ये प्रीॲम्प आतच आहे, मागे बटण आहे.

अमेरिकेतून आलेलं जुनं टर्नटेबल कोणी स्वस्तात देत असेल तर आधी मोटर विचारा. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झवर मोजलेली असते. आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ चे साधारण २७.८ फेरे होतात, म्हणजे सूर तीनेक अर्धस्वरांनी (सेमिटोनने) उतरतो. ट्रान्सफॉर्मरने फ्रिक्वेन्सी बदलत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

पाण्याबद्दल. बोअरच्या पाण्याने एलपी धुऊ नका. आपल्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) हजाराच्या पुढे सहज जातो. ते पाणी चरीत वाळलं की क्षार तिथेच घट्ट बसतात आणि आधी नसलेली टिकटिक सुरू होते. आरओचं पाणीही शेवटच्या धुण्याला पुरेसं नाही. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण कॅन उघडल्यावर टीडीएस मीटर बुडवून बघा. आरओ दुरुस्तीवाल्याकडे तो असतोच. ५ च्या आत आकडा आला तरच वापरा, कारण डिस्टिल्डच्या नावाखाली साधं आरओचं पाणीही विकतात.

मिश्रण: ९०० मिलि डिस्टिल्ड पाणी, १०० मिलि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब. दोनच, फेस आला की जास्त झालं. अल्कोहोल मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात, त्यांना विचारा कुठून आणतात. सॅनिटायझर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने चरींच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. हा टप्पा लोक गाळतात, आणि उरलेला साबण पुढे सुईच्या टोकावर गोळा होतो. मायक्रोफायबरने टिपून सावलीत उभी वाळवा. जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, नवी प्लॅस्टिक अस्तराची घ्या.

हे मिश्रण त्या चार ७८ ना लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एक थेंब, तेही झटपट.

आता ऊन. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला रेकॉर्डी ठेवायच्या नाहीत. खालच्या मजल्यावर आतल्या भिंतीला, उभ्या आणि सरळ ठेवा. कलंडलेल्या एलपी मे महिन्यात वाकतात. कव्हरसकट शंभर एलपींचं वजन २५ किलोच्या आसपास भरतं, तेव्हा फळी जाड घ्या. नव्या एलपीवरचं ताणलेलं प्लॅस्टिक आल्या आल्या काढा, उन्हाळ्यात ते आकसतं आणि एलपीची बशी करतं. एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका, पार्सल डेपोच्या पत्र्याखाली दिवसभर तापतं. वाकलेली एलपी दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा असं सांगणारे भेटतील. तबकडी सपाट होईल, पण चरी मऊ पडून बसतील.

आणि कूलर. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की स्थिर विजेने धूळ ओढली जाते, म्हणून कूलरच्या खोलीत थोडा फायदाच होतो. पण कूलरच्या झोतात प्लेअर ठेवला तर बोअरच्या पाण्याचे बारीक थेंब तबकडीवर वाळून पांढरे ठिपके पडतात. झोत दुसरीकडे वळवा.

छावणी_७८

ब्लू नोटचं कव्हर बघून हुरळू नका. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी बघा. दिवा एकच ठेवा, तबकडी तिरकी धरून हळू फिरवा. तिथे मॅट्रिक्स नंबर (छापाच्या साच्याचा क्रमांक) कोरलेला असतो. 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' दिसलं तर ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेली, म्हणजे छापाची मूळ तबकडी त्यांनी कोरलेली. कानासारखी एक छोटी खूण दिसली तर ती ब्लू नोटच्या तबकड्या दाबणाऱ्या प्लास्टीलाइट कारखान्यातली, साधारण १९६६ पर्यंतची. लेबलवर '४७ वेस्ट ६३' हा ब्लू नोटचा न्यूयॉर्कमधला जुना पत्ता असेल पण कान नसेल, तर लगेच पैसे देऊ नका, आधी मॅट्रिक्स नंबर डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

युरोपातल्या स्वस्त छापांचं कारण कायद्यात आहे. तिथे ध्वनिमुद्रणाचे हक्क ५० वर्षांचे होते, पुढे ७० केले, पण १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं हक्काबाहेरच राहिली. त्यामुळे कोणीही छापू शकतं, मूळ टेपशिवाय. पुष्कळदा ते सीडीवरून कापलेलं असतं. ऐकायला वाईट असतंच असं नाही, पण त्याची किंमत संग्रहाची म्हणून मोजू नका.

तीन कोलंबियांत माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' असेल आणि छाप १९९२ च्या आधीचा असेल तर एक गोष्ट कळून ठेवा. २ मार्च १९५९ च्या मुद्रणात एक टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, म्हणून पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे थोडे चढे वाजतात. पेटी घेऊन सोबत वाजवू गेलात तर सूर जुळणार नाही. तुमचं टर्नटेबल ठीक आहे, दुसऱ्या बाजूवर जुळेल.

७८ ना वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्यांच्या रुंद चरीच्या तळाशी घसटते. त्याच कार्ट्रिजवर व्हीएम९५एसपी बसते, टोक ३ मिल (इंचाचे तीन हजारांश), दाब ५ ग्रॅम. सुई बदलली की दाब पुन्हा मोजा, परत एलपीवर येताना तर नक्कीच. आणि लेबलं नीट वाचा. १९४० च्या दशकात अमेरिकन जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी कोलकात्यात कोलंबियासाठी पुष्कळ वाजवलंय. मुंबईचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या रेकॉर्डीही निघाल्या होत्या. ह्या भारतातच दाबलेल्या तबकड्या आहेत. भंगारात नाट्यसंगीताच्या ढिगात सापडल्या तर 'फॉक्सट्रॉट' शब्दावरूनच ओळखू येतात.

मांजराकाठ (लातूर)

एका ब्लू नोटवर कान सापडला! तबकडी मात्र मधून मधून करडी आहे. मूळ छाप म्हणून जपावी की तीच नव्या छापात घ्यावी? आणि इन्व्हर्टरवर टाकलं की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो.

दख्खनी_सूर (संभाजीनगर)

जपा, पण ऐकायला नवी घ्या. यावर इथे सगळ्यांचं एकमत होणार नाही, तरी करडी पडलेली मूळ प्रत ऐकून बासच्या सोलोचं काही कळत नाही, हे माझं ठाम मत. ब्लू नोटच्या टोन पोएट या पुनर्छपाईच्या मालिकेतल्या मूळ टेपवरून केव्हिन ग्रे या तंत्रज्ञांनी कापल्यात, क्लासिक मालिकाही त्यांनीच आणि ती स्वस्त पडते. परदेशातून मागवताना कस्टम, आयजीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरूनच हिशेब करा. दोन-तीन एकत्र मागवल्या तर टपालखर्च विभागतो.

घूं आवाजाचं: इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा नसेल तर तो येणारच. वीज असतानाही येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार फोनोच्या स्क्रूला लावलीय का बघा. ती भिंतीच्या अर्थिंगला जोडायची नाही. तरी राहिलं तर घराचा अर्थिंगचा खड्डा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. त्यात पाणी घालत राहा.

छावणी_७८

मैफलींचं राहिलं. मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र धरून बसा, तिथे जॅझचे कार्यक्रम वर्षभर असतात. ३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस, त्या आठवड्यात मुंबई-पुण्यात काही ना काही असतं. १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन गेले. ती सवय तिथल्या श्रोत्यांत अजून आहे. छोट्या जागांचे कार्यक्रम तिकिटाच्या ॲपवर उशिरा येतात. वाजवणाऱ्यांची स्वतःची इन्स्टा पानं फॉलो करा, ड्रमर आणि बासवाल्यांची आधी, कारण ते चार-पाच बँडमध्ये वाजवतात आणि एका पानावर सगळ्यांच्या तारखा मिळतात.

ऐकताना आवर्तन मोजा. एक बार म्हणजे साधारण चार मात्रा. ब्लूज असेल तर १२ बार, म्हणजे ४८ मात्रा. नेहमीचं गाणं ३२ बार, १२८ मात्रा, आठ-आठ बारचे चार भाग, आणि त्यातला तिसरा वेगळा. सोलो कितीही लांबला तरी खाली हेच आवर्तन फिरत असतं, बासवर कान ठेवला की सम सापडते. ड्रमबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण सुरू झाली की मूळ धून जवळ आली समजा. टाळी प्रत्येक सोलोनंतर देतात, शेवटापर्यंत थांबायची गरज नाही.

लातूर एक्स्प्रेस सीएसएमटीवरून रात्री नऊच्या आसपास सुटते, संभाजीनगर-नांदेडकडची देवगिरीही त्याच सुमारास. वेळ निघायच्या आधी तपासाच. साडेसहाचा कार्यक्रम असेल तर नरिमन पॉइंटहून टॅक्सीने जमतं. साडेसातचा असेल तर परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा. नाहीतर दुसरा सेट (मध्यंतरानंतरचा भाग) अर्ध्यात सोडून स्टेशन गाठावं लागतं, आणि बहुतेक बँड दुसऱ्या सेटलाच मोकळे होतात.