मदत हवी आहे: ट्रॅक लोडर रेडियल लिफ्टचा घ्यावा की व्हर्टिकल लिफ्टचा?

कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर (पट्ट्यांवर चालणारे, पुढे बकेट असलेले छोटे यंत्र) घेण्याचा माझा निर्णय लिफ्टच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या आर्मच्या रचनेच्या प्रकारावर अडला आहे. रेडियल लिफ्टचे आर्म एकाच पिनभोवती कमानीत फिरत असल्याने बकेटची पुढची पोहोच मध्यम उंचीवर सर्वाधिक मिळते, शिवाय सांधे कमी असल्याने ग्रीसिंग सोपे राहते, म्हणून खोदकाम व सपाटीकरणासाठी मला तोच प्रकार योग्य वाटतो. मात्र पॅलेट उचलून ट्रकमध्ये ठेवण्याचे कामही वरचेवर असते आणि तेथे भार यंत्राजवळ ठेवत जवळजवळ सरळ वर नेणारी व्हर्टिकल लिफ्ट निश्चितच सरस आहे. व्हर्टिकल लिफ्टच्या यंत्राने नियमित खोदकाम केल्यास लिंकेजच्या (आर्मला जोडणाऱ्या दांड्यांच्या) पिन आणि बुश (पिनभोवतीच्या नळ्या) लवकर झिजतात का? ज्यांनी दोन्ही प्रकार चालवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.