कच्चा माल फुकट, तरी रिसायकलिंग तोट्यात कसं?

उगाच_शंका:
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. लोक कागद, बाटल्या, डबे स्वतः वेगळे करून देतात, म्हणजे माल फुकट, वर तो विकून पैसे येतात. तरी अधूनमधून बातमी असतेच की अमुक शहराला रिसायकलिंग परवडत नाही. न्यूयॉर्कने पण २००२ मध्ये काच आणि प्लास्टिक घेणं थांबवलं होतं. पैसा मुरतो कुठे?

निवांत:
माल फुकट, गोळा करणं फुकट नाही ना. दारोदार गाडी फिरवायची, आणि गाडीत काय तर रिकाम्या बाटल्या, म्हणजे बरीचशी हवाच.

खटपट्या:
मी दोन वर्षं सॉर्टिंग सेंटरला होतो. सगळं एकाच डब्यात टाकायची सोय केली की लोक खूश, गाडीची फेरी पण एकच, पण आमच्यापर्यंत येईस्तोवर काचेचा चुरा कागदात घुसलेला असायचा आणि कुणाची तरी अर्धी भरलेली सॉसची बाटली फुटून अख्खा पुठ्ठा चिकट. पातळ पिशव्या तर डोकेदुखी, मशीनच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात, मग सगळं बंद करून माणूस आत उतरतो आणि ब्लेडने कापत बसतो. लिथियम बॅटरी दबली की आग, ती वेगळीच. लोक ‘होत असेल रिसायकल’ म्हणून डायपरसुद्धा टाकतात (खरंच!). तो सगळा माल शेवटी डंपिंगलाच, म्हणजे वाहतुकीचा खर्च दोनदा.

भंगार_नजर:
शिवाय भाव आपल्या हातात नाहीत. तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिकच स्वस्त पडतं, जुनं कोण घेणार? २०१८ मध्ये चीनने बाहेरच्या देशांतून येणारा २४ प्रकारचा कचरा घेणं बंद केलं, बाकीच्या बहुतेक मालात भेसळ ०.५ टक्क्याच्या आत पाहिजे म्हणाले, तेव्हा कितीतरी शहरांचा माल पडून राहिला. अॅल्युमिनियमचं गणित मात्र बसतं, वितळवून परत वापरलं की नवीन बनवण्यापेक्षा साधारण ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच जड, आणि नवी काच ज्या वाळूपासून बनते ती स्वस्त. प्लास्टिकच्या बाटल्या-डब्यांवर त्रिकोणात १ ते ७ आकडे असतात, त्यांवर पण जाऊ नका, तो फक्त प्लास्टिकचा प्रकार आहे, विकलं जाईल याची हमी नाही.

उगाच_शंका:
मग बंद केलं तर काय बिघडलं?

निवांत:
डंपिंग काय फुकट आहे का? ते पण वजनावर पैसे घेतात. आणि काही वस्तू बंद केल्या तरी गाड्या तेवढ्याच फिरणार, माल कमी, म्हणजे उरलेल्याचा टनामागे खर्च उलट वाढतो. न्यूयॉर्कने पण २००३ मध्ये प्लास्टिक आणि २००४ मध्ये काच परत सुरू केलीच की. याला धंदा समजलात की तोटाच दिसणार, गटार साफ करण्यातून नफा विचारतो का आपण?

उगाच_शंका:
पटलं. एक शेवटचं, बाटलीची झाकणं काढून टाकायची की लावून?

खटपट्या:
आमच्याकडे तरी लावून. सुटी झाकणं चाळणीतून खाली पडायची आणि थेट कचऱ्यात जायची. पण बाटली आधी रिकामी करा हो.