कुटुंबाचे फोटो आणि संगणकावरील फाइली : बॅकअपची कोणती पद्धत निवडावी?

नमस्कार.

आमच्या घरातील फोटो, चित्रफिती आणि कागदपत्रांच्या फाइली मिळून सुमारे ६२० जीबीचा संग्रह झाला आहे. त्याचा भरवशाचा बॅकअप कसा ठेवावा, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. ‘क्लाउडवर टाका’ किंवा ‘दोन हार्ड डिस्क घ्या’ एवढे उत्तर मला पुरणार नाही, म्हणून आधी परिस्थिती सविस्तर मांडते.

संग्रहाचे तीन भाग आहेत. सर्वांत मोठा भाग घरातल्या तीन मोबाइलवर काढलेल्या फोटो-चित्रफितींचा, सुमारे ४५० जीबी. दुसरा, सुमारे १५० जीबीचा, जुने अल्बम आणि वडिलांची पत्रे स्कॅन करून केलेल्या टिफ फाइलींचा. यांतील बऱ्याच मूळ कागदांना वाळवी लागलेली असल्यामुळे पुन्हा स्कॅन करणे शक्य नाही. तिसरा भाग जेमतेम २० जीबीचा आहे: जमिनीचे दस्त, प्राप्तिकराची विवरणपत्रे, आणि वडिलांचे लेख, जे पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. आकाराने सर्वांत लहान असलेला हा भागच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आम्ही सांगलीत, पुराचे पाणी येते अशा भागात, तळमजल्यावर राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती (धोक्याची पातळी ४५ फूट आहे) आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्यामुळे घरात कितीही प्रती ठेवल्या तरी त्या एकाच पाण्यात जाऊ शकतात, हे गृहीत धरूनच मला निवड करायची आहे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम मी वाचला आहे. प्रश्न तो आमच्या घरात कसा बसवायचा, हा आहे.

‘फोटो गूगलवर आहेतच की’ असे घरातील मंडळी म्हणतात. परंतु गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे सगळे बसवावे लागते. त्याआधी मोफत चढवलेले फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि चित्रफिती १०८०पीपर्यंत आक्रसलेल्या आहेत, म्हणजे तिथे आहे ती मूळ प्रत नव्हेच. शिवाय मोबाइलवरच्या गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो खात्यातूनही जातो आणि कचरापेटीत ६० दिवसच राहतो. दोन्हीकडे सारखेच ठेवणारी ही सोय उपयुक्त आहे. परंतु घरातल्या कोणी नकळत एखादा फोल्डर पुसला आणि दोन महिने ते लक्षातच आले नाही, तर ती काही कामाची नाही.

सगळा संग्रह पैसे भरून क्लाउडवर ठेवण्याचाही विचार केला. आमच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस आहे. त्या वेगाने ६२० जीबी चढवायला, जोडणी अखंड चालली तरी, जवळजवळ तीन दिवस लागतील. तेही चालेल. खरी काळजी वेगळी आहे: वर्गणी भरायची राहिली आणि खाते दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले, तर गूगलच्या नियमांनुसार त्यातील मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. आज वर्गणी मी भरेन, पासवर्डही मीच लक्षात ठेवेन. माझ्यानंतर हे कोण करणार? पतींना संगणकाची आवड नाही आणि मुलगी परदेशात असते.

दोन डिस्कचे नास (घरातल्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) घ्यावे असे एका परिचितांनी सुचवले होते. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहत असल्याने एक डिस्क बिघडली तरी काम अडत नाही, हे खरे. परंतु एका डिस्कवर फाइल पुसली की दुसरीवरूनही ती त्याच क्षणी जाते, आणि ती पेटी राहणार पुन्हा त्याच तळमजल्यावर. एवढा खर्च मला पटत नाही. ज्यांना पटला असेल त्यांनी कारण जरूर सांगावे.

सध्या माझा कल असा आहे: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, प्रत्येकी २ टीबीच्या एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरी ठेवावी, दुसरी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाकडे ठेवावी आणि गणपतीला व दिवाळीला जाऊ-येऊ तेव्हा त्यांची अदलाबदल करावी. याखेरीज दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची एक प्रत क्लाउडवर ठेवावी. ते १७० जीबी २०० जीबीच्या योजनेत मावतील. मोबाइलच्या फोटोंसाठी संगणकावरची एक आणि डिस्कवरच्या दोन, अशा तीन प्रती पुरेशा मानाव्यात.

माझे प्रश्न असे आहेत. डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींपैकी एनटीएफएसमध्ये ती फॉरमॅट करावी की एक्सफॅटमध्ये? घरचा संगणक विंडोजचा आहे, मुलीकडे मॅक आहे. भावाकडची डिस्क हरवली तर दस्त परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून ती कुलूपबंद करावी का? केली आणि पासवर्ड कोणाला सापडला नाही तर काय? वर्षभराने डिस्कवरच्या फाइली धड आहेत की नाहीत, हे एकेक न उघडता कसे तपासावे? आणि वडिलांच्या त्या पेजमेकरच्या फाइली नुसत्या जपून उपयोग आहे का?

प्रतिसाद १

तुमची आखणी योग्य आहे. तिच्यात मी एक बदल सुचवेन: अदलाबदल सणांवर न ठेवता मे महिन्याच्या अखेरीस एकदा नक्की करावी, म्हणजे पुराच्या दिवसांत पुण्यातली प्रत ताजी राहील. दिवाळीची फेरी आहेच.

डिस्क एनटीएफएसमध्ये ठेवावी. लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा केबल निघाली, तर एनटीएफएस त्यातून सावरण्याची शक्यता अधिक असते, कारण ती बदलांची नोंद आधी करून ठेवते. एक्सफॅटमध्ये तशी नोंद नसते. मॅकवर एनटीएफएस डिस्क वाचता येते, फक्त तिच्यावर लिहिता येत नाही. मुलीने फाइली पाहाव्यात पण चुकून बदलू नयेत, हे तुमच्या दृष्टीने सोयीचेच आहे.

संपूर्ण डिस्कला कुलूप लावू नये, असे माझे मत आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत एक्सटर्नल डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप नव्याने लावता येत नाही, आणि लग्नाचे फोटो लपवण्याची गरजही नसते. दस्त आणि विवरणपत्रे तेवढी व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने केलेल्या कुलूपबंद फाइलीत ठेवावीत. तिचा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि लिफाफा कशाचा आहे ते पती व भाऊ दोघांनाही सांगून ठेवावे.

फाइली उतरवण्यासाठी फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात ‘मिरर’ निवडल्यास संगणकावरून पुसलेली फाइल डिस्कवरूनही जाते, म्हणून पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये साठवण्याची व्हर्जनिंगची सोय आधी चालू करावी. याच सॉफ्टवेअरमध्ये फाइलींची तुलना तारखेऐवजी आतील मजकुरावरून करता येते. त्याला वेळ बराच लागतो, परंतु वर्षातून एकदा रात्रभर लावून ठेवल्यास संगणकावरची आणि डिस्कवरची प्रत तंतोतंत जुळते का, ते कळते. फरक दिसल्यास कोणती प्रत बिघडली आहे ते तिसऱ्या प्रतीवरून ठरवावे. काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी. फाइली ओलीस धरणारे रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही सोडत नाही.

प्रतिसाद २

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घेऊ नये, एवढे वर जोडतो. विजेविना कपाटात दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीवरील मजकूर उडण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षे नुसते जपून ठेवण्यासाठी साधी हार्ड डिस्क बरी आणि स्वस्तही.

गूगल फोटोजवर असलेले पण संगणकावर नसलेले फोटो टेकआउट या गूगलच्याच मजकूर उतरवून घेण्याच्या सोयीतून उतरवून घ्यावेत. भागाचा आकार ५० जीबी निवडल्यास तुकडे कमी होतात. फोटो काढल्याची तारीख आणि तुम्ही लिहिलेली वर्णने सोबतच्या जेसन (.json) या छोट्या माहितीच्या फाइलींत येतात, म्हणून त्या निरुपयोगी समजून पुसू नयेत. एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती माहिती पुढे फोटोत भरता येते.

वारसांचा प्रश्न तुम्ही काढलात ते बरे झाले. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था असते. खाते ३ ते १८ महिन्यांपैकी तुम्ही ठरवाल तितका काळ वापरले गेले नाही, तर तुम्ही नेमलेल्या व्यक्तीला कळवले जाते आणि निवडलेला मजकूर उतरवून घेण्याची मुभा मिळते. मुलीचे नाव तिथे आजच घालावे.

पेजमेकरच्या फाइली नुसत्या जपून उपयोग नाही. ज्या संगणकावर पेजमेकर आणि ते फाँट अजून चालतात, तिथेच प्रत्येक लेखाची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ करून घ्यावी, म्हणजे लेख कुठेही वाचता येईल. मूळ फाइल आणि फाँटच्या फाइलीही त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. युनिकोडमध्ये (आजच्या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतर सवडीने करता येईल, मात्र त्यात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून ते डोळ्यांखालून घालावे लागते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. डिस्क एनटीएफएस, कुलूप फक्त दस्तांना आणि अदलाबदल मे महिन्यात, हे ठरले. मुलीचे नाव गूगलच्या खात्यात नोंदवले आहे.

एक अडचण उरली आहे. पेजमेकर असलेला जुना संगणक चालतो, परंतु त्यातून पीडीएफ तयार करताना काही लेखांतील ऱ्हस्व इकार अक्षरापासून सुटून पुढच्या ओळीवर जातो. छपाईत मात्र तो जागेवर असतो. हा दोष फाँटचा की पीडीएफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि लेख छापून पुन्हा स्कॅन करण्याऐवजी दुसरा काही उपाय आहे का, हे अशा फाइलींवर काम केलेल्या कोणी सांगितल्यास फार मदत होईल.