‘द कॅसल’: सिनेमा की टीव्हीवरचा लांबलेला भाग?

वाटसरू:
१९९७ सालच्या ‘द कॅसल’ला ऑस्ट्रेलियन लोक डोक्यावर घेतात. मला मात्र तो सिनेमा वाटलाच नाही. मेलबर्नच्या विमानतळाला खेटून डॅरिल केरिगनचं घर. विमानतळ वाढवायचा म्हणून घर ताब्यात घ्यायची नोटीस येते आणि हा टो-ट्रकवाला थेट हायकोर्टापर्यंत लढतो (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच). विषय केवढा मोठा! पण पडद्यावर काय, तर माणसं एका ओळीत बसतात, बोलतात, सीन संपतो. उरलंसुरलं डॅरिलचा धाकटा मुलगा डेल निवेदनातून समजावून सांगतो. दिग्दर्शक रॉब सिच आणि मंडळी टीव्हीतलीच, ‘फ्रंटलाइन’ मालिका त्यांचीच. ती सवय सुटलेली नाही. शिवाय कोर्टाच्या आवारात सहज भेटलेला निवृत्त बॅरिस्टर फुकटात खटला लढवायला हजर! इतकं आयतं मालिकेतच खपतं.

पिंपळपान:
साफ असहमत. शूटिंग ११ दिवसांत उरकलंय, त्यामुळे साधेपणा आहे हे मान्य. पण जेवणाचे सीन परत बघा. डॅरिलची बायको साल चिकन वाढते, वर काय भुरभुरवलंय असं डॅरिल विचारतो, ती सांगते मसाला, आणि तो मनापासून थक्क होतो. त्याचं कौतुक, तिचं लाजणं, मुलांचं ऐकणं, सगळं एकाच वेळी दिसायला हवं. क्लोजअप तोडून दाखवले असते तर आपण त्या माणसाला हसलो असतो. इथे आपण त्याच्या टेबलावर बसतो.

वाटसरू:
जेवणाचं ठीक आहे हो. पण कोर्टातही कॅमेरा तसाच सपाट. गल्लीतला वकील डेनिस घटनेचं कलम सांगता न आल्याने चाचपडतो, त्यात हसू येतं, दरारा जाणवत नाही. डॅरिलचं सगळं पणाला लागलंय, तर भीती वाटायला नको?

रातराणी:
कॅमेऱ्यावरच किती अडून बसायचं! खटला ऑस्ट्रेलियन घटनेच्या कलम ५१ (३१) वर उभा आहे: सरकारने मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवर. तिथल्या आदिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य करणारा माबो निकाल १९९२ चा, त्याचाही उल्लेख येतो. आदिवासींना काय वाटत असेल ते आता कळायला लागलंय, असं डॅरिल म्हणतो. आपल्याकडे १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. नवी मुंबई विमानतळासाठी गावंच्या गावं उठली. तिथल्या कुणाला हा पिक्चर दाखवा आणि मग त्याला हलकाफुलका म्हणा.

वाटसरू:
विषय महत्त्वाचा म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. आणि आदिवासींचं दुःख एका वाक्यात उरकलंय, ते तर मला जास्तच खटकलं.

पिंपळपान:
त्या एका वाक्याबद्दल तुमच्याशी सहमत, तिथे थांबायला हवं होतं. पण बॅरिस्टर शेवटी काय मांडतो? विटा-सिमेंटची भरपाई देता येईल, घरातल्या मायेची आणि आठवणींची कशी देणार? त्याला पुरावा कोणता? आधी पाहिलेली ती जेवणंच. तुम्हाला सपाट वाटलेले सीन म्हणजे या खटल्यातले साक्षीदार आहेत.

वाटसरू:
हा मुद्दा पटला, त्या नजरेने पुन्हा बघेन. आयता बॅरिस्टर मात्र अजूनही पचत नाही. डॅरिलने तो दारोदार हिंडून मिळवायला हवा होता.