पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत अडतं कुठे: लोकांच्या समजुतीत की आपल्या पद्धतीत?

उंबरठा: लोकांनी क्लोरीनचं पाणी ओतून दिलं की अहवालात ‘अज्ञान’ असा शेरा पडतो. हा आळशीपणा आहे. क्लोरीनवालेच पटकी पसरवतात, ही अफवा मोझांबिकमध्ये वारंवार उठली, कर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले. तिथल्या पोर्तुगीज भाषेत ‘क्लोरु’ आणि ‘कोलेरा’ हे शब्द आधीच जवळचे. त्यात क्लोरीन टाकणारं पथक येतं दोन-चार रुग्ण निघाल्यावर. लागण झाल्यावर जुलाब सुरू व्हायला काही तासांपासून ५ दिवस लागतात, म्हणजे रुग्ण वाढतात ते पथक येऊन गेल्यावरच. बघणाऱ्याने काय समजायचं?

खडीसाखर: साफ असहमत. हैतीत २०१० मध्ये पटकी पसरवल्याच्या संशयावरून जमावाने वूडू या तिथल्या पारंपरिक धर्माच्या पुजाऱ्यांना ठार मारलं. तिथेही पद्धतच चुकली म्हणणार? उपचार नसेल तर माणूस काही तासांत जातो, समजूत काढायला वेळ कुठे आहे? गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं. म्हणून आधी तुरटी, पाणी निवळू द्या, मग क्लोरीन, मग ३० मिनिटं थांबा. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं की काम झालं.

उंबरठा: नळावर झालं, घरात नाही. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवला, बोटं पाण्याला लागली, की संपलं. अरुंद तोंडाचं, तोटीचं भांडं द्या. आणि निवळायचा कंटाळा करून मात्रा वाढवलीत की लोक वासाला कंटाळून परत ओढ्यावर.

दीडशहाणा: जलसंजीवनीचंही तेच. जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून आई ती बंद करते. ते पाणी जुलाब थांबवायला नसून अंगातलं पाणी भरून काढायला आहे, हे कुणी सांगतच नाही. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने द्यायचं. आणि १ लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर खारटपणाच बाधतो. बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर मीठ-गुळाचं पाणी शिकवत. आयांना कृती पाठ, पण वापर कमी. शोधल्यावर कळलं, शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता!

खडीसाखर: हे मात्र मान्य. पण पटकीने गेलेल्याच्या अंत्यविधीत सवलत नाही. प्रेताला आंघोळ घालणाऱ्याने स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

उंबरठा: तेवढंच सांगा, ऐकतात. ‘विधी बंद’ म्हटलं की रात्रीत गुपचूप उरकतात, आणि तिथे हात धुवायला साबणही नसतो.