चर्चा: डेबियन १२ वर स्क्रायबस १.६ स्वतः बांधावा की आयता घ्यावा?

खिळाजुळारी

डेबियन १२ या लिनक्सच्या भांडारात स्क्रायबस या पानजुळणीच्या प्रोग्रामची १.५.८ ही आवृत्ती आहे. १.६ जानेवारी २०२४ मध्ये आला, पण डेबियन १२ च्या भांडारात तो यायचा नाही. यावर "ॲपइमेज उतरवा नि मोकळे व्हा" हा सल्ला ठरलेला (ॲपइमेज म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या पोटात घेऊन येणारी, न बसवता चालणारी एकच फाइल). मला तो पटत नाही. मराठी मजकूर छापायचा असेल तर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, बांधा. मराठीची अक्षरजुळणी हार्फबझ, आयसीयू आणि फ्रीटाइप या लायब्रऱ्यांवर (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडवर) उभी आहे. जुन्या १.४ मालिकेत हार्फबझ नव्हतं, तेव्हा पहिली वेलांटी भलत्या बाजूला पडायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे. या लायब्रऱ्या सिस्टिमच्याच वापरल्या, की त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या एपीटीतून (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकातून) आपोआप येतात. ॲपइमेजच्या पोटातल्या लायब्रऱ्या बांधल्या त्या दिवशी गोठतात.

काम अवघड नाही. एपीटीच्या सोर्सच्या यादीत डेब-एसआरसी ओळ (सोर्स पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारी) चालू करा, ती नसेल तर पुढची आज्ञा लगेच रडते. मग "एपीटी बिल्ड-डेप स्क्रायबस", म्हणजे बांधायला लागणारी पॅकेजं बसतात. ही यादी १.५.८ ची असली तरी १.६ ची बहुतेक गरज भागते. सोर्स १.६ चाच टारबॉल घ्या. गिटच्या मुख्य शाखेवर १.७ चं काम चालतं, त्याला क्यूटी ६ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) लागतं, १.६ क्यूटी ५ वर बांधतात. वेगळा बिल्ड फोल्डर करा, सीमेकला (बांधणीची तयारी करणाऱ्या प्रोग्रामला) इन्स्टॉल प्रीफिक्स म्हणून होम फोल्डरमधली जागा द्या, हनस्पेल (स्पेलचेक) आणि ग्राफिक्समॅजिक (चित्रं) यांचे पर्याय चालू करा. मग मेक, मेक इन्स्टॉल. या इन्स्टॉलला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही.

स्थिरशाखा

सीमेकचा आउटपुट वाचायला सांगायचं राहिलं. हनस्पेल सापडलं नाही तर बिल्ड थांबत नाही, स्पेलचेक नसलेला स्क्रायबस गुपचूप हातात येतो. पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीचंही तसंच. नुसतं "लिबपॉपलर-डेव्ह" पुरत नाही, "लिबपॉपलर-प्रायव्हेट-डेव्ह" लागतं, कारण पीडीएफ आयात करणारं प्लगइन पॉपलरच्या आतल्या हेडरांना (कोडमधल्या घोषणांच्या फाइलींना) हात घालतं. त्या हेडरांची कसलीही हमी पॉपलरवाले देत नाहीत. आर्चसारख्या रोलिंग (सतत नव्या आवृत्त्या येणाऱ्या) डिस्ट्रोत पॉपलर बदललं की हे प्लगइन तुटतं, नव्याने बांधावं लागतं. तिथे हा उद्योग करू नका, भांडारातलाच घ्या. डेबियन १२ वर मात्र पॉपलर २२.१२ जागचं हलत नाही. इथे खिळाजुळारींशी सहमत.

टर्मिनलवाली

मी पूर्ण असहमत. एकाच्या मशिनचं ठीक, पण दिवाळी अंकाचं काम चार जणांत वाटलेलं असतं. एकाकडे डेबियन, दुसरीकडे उबुंटू २४.०४, तिसऱ्याकडे फेडोरा. प्रत्येकाने आपापल्या सिस्टिमच्या हार्फबझ आणि आयसीयूवर बांधला, की तीच फाइल उघडल्यावर एखादी ओळ दुसरीकडे तुटू शकते. एक ओळ खाली गेली की परिच्छेद पुढच्या चौकटीत, आणि तिथून सोळा पानांचा फॉर्मा हलला. चौघांकडे एकच ॲपइमेज असेल तर हा प्रश्नच नाही. तुम्ही ज्याला "गोठलेलं" म्हणता, अंक छपाईला जाईपर्यंत मला तेच हवंय.

आणि ॲपइमेज उघडत नाही या तक्रारींमागे बहुतेकदा लिबफ्यूज२ (ॲपइमेज उघडायला लागणारी लायब्ररी) नसणं असतं. उबुंटू २२.०४ पासून ते आधीपासून बसवलेलं नसतं. बसवायचं नसेल तर "--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन" हा पर्याय देऊन चालतं.

खिळाजुळारी

@टर्मिनलवाली, ओळी हलण्याचं पहिलं कारण फॉन्ट असतो. एकाकडे तोच फॉन्ट भांडारातून आलेला, दुसऱ्याकडे वेबसाइटवरून उतरवलेला, आवृत्त्या वेगळ्या. ॲपइमेज एक असून उपयोग काय? फॉन्ट फाइली अंकाच्या फोल्डरात ठेवा आणि चौघांनी त्याच वापरा, मग बोलू.

टर्मिनलवाली

फॉन्ट एक करा, हे मान्यच. पण ते केल्यावरही लायब्रऱ्या वेगळ्याच राहतात ना? एक भोक बुजवून दुसरं उघडं ठेवण्यात काय हशील?

मेकवाला

मध्येच एक. "मेक -जे८" (एकदम आठ फाइली कंपाइल करणं) आठ जीबी रॅमवर झेपत नाही. क्यूटीच्या हेडरांमुळे एकेक कंपायलर प्रक्रिया एक-दीड जीबीपर्यंत जाऊ शकते. बिल्ड अर्ध्यात मरतं आणि "सीसी१प्लस किल्ड" एवढंच दिसतं. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) बघा, कर्नलने मेमरीसाठी मारल्याची नोंद असते. जे२ किंवा जे३ द्या, झालेलं काम फुकट जात नाही, मेक तिथूनच पुढे जातो.

पॅकेजपंत

बांधता येतो यावर वाद नाहीच. डेबियन १२ वरून १३ वर जाल तेव्हा काय, ते बोला. १२ मध्ये लिबआयसीयू७२ आणि लिबपॉपलर१२६ आहेत, १३ मध्ये दोन्हींचे आकडे वाढलेत. तुमचा होम फोल्डरमधला स्क्रायबस डीपीकेजीच्या (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) खिजगणतीत नाही. त्यामुळे अपग्रेडनंतर "ऑटोरिमूव्ह" चालवलं, की कुणालाच नको असलेल्या म्हणून त्या लायब्रऱ्या काढल्या जातात. पॉपलर गेलं तर पीडीएफ आयात गायब, बाकी चालतं. आयसीयू गेलं तर "लिबआयसीयूयूसी.एसओ.७२ सापडत नाही" म्हणून स्क्रायबस उघडतच नाही. एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी आज्ञा) चालवा, "नॉट फाउंड" दिसेल.

म्हणून बांधायचाच तर डेब पॅकेज बांधा. डेबियन १३ चं सोर्स पॅकेज आणा, "डीसीएच --बीपीओ" ने आवृत्तीला "~बीपीओ१२+१" शेपूट लावा, मग "डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी". त्या तरंगत्या रेघेमुळे आपली आवृत्ती अधिकृत आवृत्तीपेक्षा लहान ठरते, अपग्रेडला अधिकृत पॅकेज आपोआप वर बसतं. एखादी बिल्ड-डिपेंडन्सी १२ मध्ये नसलेली आवृत्ती मागत असेल, तर कंट्रोल फाइलमधला आकडा बदलण्याआधी तो का वाढवलाय ते चेंजलॉगमध्ये बघा. नुसता आकडा उतरवला तर कंपाइल होताना नाही, चालवताना रडाल.

खिळाजुळारी

एका प्रोग्रामसाठी एवढा संसार? "एपीटी-मार्क मॅन्युअल लिबआयसीयू७२ लिबपॉपलर१२६" केलं की ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही. काढायचा असेल तर बिल्ड फोल्डरात इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी असते, त्यात प्रत्येक फाइलचा पत्ता असतो. वेगळ्या प्रीफिक्सवर बसवलाय, तर अख्खा फोल्डर उडवला तरी चालतं.

पॅकेजपंत

मॅन्युअल मार्क करून ठेवलेल्या त्या जुन्या लिबपॉपलर१२६ ला डेबियन १३ वर सुरक्षा दुरुस्ती कोण देणार? "दुरुस्त्या आपोआप येतात" म्हणून तुम्ही ॲपइमेज नाकारलं होतं. अपग्रेडनंतर नव्याने बांधणार असाल, तर तसं वर पहिल्या प्रतिसादात लिहा. वाचणारा पहिल्या बिल्डवरच थांबतो.