जुन्या नाशकात ऐतिहासिक फलक लावावेत की नाही?

पिंपळपारकर (धागाकर्ता)
परवा भाच्याला घेऊन विजयानंद थिएटरवरून चाललो होतो. म्हटलं, २१ डिसेंबर १९०९ ला इथे 'शारदा'चा प्रयोग होता. नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी इथेच गोळ्या घातल्या आणि पुढल्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. भाच्याने मान वर करून बघितलं. त्याला दिसलं एक जुनं थिएटर. "मामा, खरंच इथे?"

सिंहस्थ तोंडावर आलाय. घाटावर आणि गावठाणात दगडी फलक लावा. तीन ओळी पुरे, नेत्यांचे फोटो नकोत. कुणाची हरकत?

रोज_गंगेवर
माझी. आधी सांगा, फलकावर लिहिणार काय? 'गोदाघाट'? आमच्या घरात आजवर कुणी गोदावरीवर गेलेलं नाही, आम्ही गंगेवर जातो. नारोशंकराचं देऊळ घ्या. आतला देव रामेश्वर, नारोशंकर राजेबहाद्दर हे बांधणारे. लोकांनी देवाचं नाव बाजूला ठेवून बांधणाऱ्याचं लावलं. तिथली घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतली, पोर्तुगीजांची. फलकावर एवढंच येईल. पण नाशिककराला ती घंटा ठाऊक आहे ती पुरासाठी. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर.

आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाइलवर येतंच, तरी आई विचारते, "मारुती कुठवर बुडालाय?" गुडघ्यापर्यंत म्हटलं की कुकर लावायला जाते. छातीपर्यंत म्हटलं की भांडीबाजारातल्या मामाला फोन. २०१९ च्या ऑगस्टात डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा नुसती बसून राहिली. हा फलक नाही तर काय आहे? तो वाचता येत नसेल तर दगडावर कोरून काय उपयोग?

वहीवाला
फलक कसले घेऊन बसलात! क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडे जा, आडनाव आणि मूळ गाव सांगा. वहीत खापरपणजोबांच्या हातचा मजकूर निघतो.

पिंपळपारकर
मोडी वाचता येतं का तुम्हाला?

वहीवाला
नाही. गुरुजी वाचतात.

पंचवटीची_सून
रोज_गंगेवर, छान लिहिलंत, पण मला पटलं नाही.

मी लग्न होऊन इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात काळारामाला नेलं. काळा दगड, ओढेकर सरदार, रामनवमीचा रथ, सगळं हौसेने सांगितलं. याच देवळाच्या दारांशी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे पाच वर्षं चालवला, पहिल्याच वर्षी रामनवमीचा रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली, आणि १९३५ साली येवल्याला "हिंदू म्हणून मरणार नाही" हे आलं, ते यातूनच. सासऱ्यांच्या तोंडून यातला एक शब्द नाही. माणूस वाईट नव्हता हो. त्यांच्या घरात ते सांगितलंच जात नव्हतं. मला कळलं लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे.

घंटा तुमच्या आईने सांगितली म्हणून तुम्हाला कळली. जे कुणाच्याच आईने सांगितलं नाही, त्याचं काय करायचं? ते लिहूनच ठेवावं लागतं.

पिंपळपारकर
+१. हे मला जमलं नसतं लिहायला.

रोज_गंगेवर
ताई, मान्य. दोन वेळा वाचलं. पण मग मजकूर ठरवणार कोण? समिती नेमली तर तिच्यात तुमचे सासरेच बसणार ना? "हे मंदिर सामाजिक समतेचे प्रतीक आहे" असलं गुळगुळीत वाक्य येईल, आणि दारं बंद कुणी ठेवली होती ते गाळलं जाईल.

पंचवटीची_सून
येईलही. पण चुकीच्या वाक्याशी निदान भांडता येतं.

गढीवरचा
आमची काझीची गढी, मातीची. पुरातत्त्वज्ञ सांकळियांनी १९५०-५१ ला इथेच उत्खनन केलं होतं, नाशिक किती जुनं ते या मातीतून निघालं. आम्हाला दर पावसाळ्याआधी कागद येतो, घर रिकामं करा, कडा ढासळतोय. फलक लावायचाच तर जरा आत ठोका. कडेला लावलात तर आमच्या आधी तोच नदीत.

पिंपळपारकर
भाऊ, यावर काय बोलू. आधी कड्याला भिंत, फलक नंतर. माझी यादी बदलतो.

रोज_गंगेवर
एवढं भांडलो तर एक कबूल करून टाकतो. आमच्या ओसरीत १९६९ च्या पुराची रेघ होती. आजोबांनी खिळ्याने ओढलेली, माझ्या खांद्याच्या जरा वर. लहानपणी आम्ही भावंडं तिच्याखाली उभं राहून उंची मोजायचो. गेल्या दिवाळीत रंगाऱ्याने दोन हात पुट्टी मारली. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी आलो तर भिंत चकचकीत. आईला विचारलं, ती म्हणाली, "अंदाजाने मार की परत."

पंचवटीची_सून
अंदाजाने नका मारू! शेजाऱ्यांच्या भिंतीवर खूण असेलच. गवंड्याला बोलवा, लेव्हल पाइप लावून तुमच्या ओसरीत आणा. आणि खाली वर्ष लिहा.

रोज_गंगेवर
शेजारचा वाडा पाडला हो. तिथे आता पार्किंग आहे.